पट राखावा कसा

जिल्हा परिषदेच्या शाळेवर मुख्याध्यापक म्हणून नेमणूक झाली म्हणता? अभिनंदन. आता मुलांकडे बघायचं सोडा आणि पटाकडे बघा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चा हिशेब पाठ करा: साठपर्यंत पट असला की शिक्षक दोन, एकसष्टावं पोर आलं की तीन. ते एकसष्टावं पोर शेंबडं असो नाहीतर कान किटवणारं, त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपा. त्याच्या आईबापांना ऊसतोडीला जायचंच असेल तर ३० सप्टेंबरनंतर जा म्हणावं. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, त्या तारखेच्या पटावर होते. दिवाळीनंतर बाकं रिकामी पडली तरी कागद भरलेला राहतो.

पट फुगवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सरकारनं राज्यभर पटपडताळणी केली, पोरांच्या बोटाला शाई लावली, आणि कागदावरची लाखो पोरं हवेत विरली. आता तर आधार आहे. मुलगा समोर बसून नाक पुसतोय, पण आधारवर जन्मतारीख वेगळी पडली, तर तो नाहीच. (पूर्वी गुरुजी अख्ख्या गावाला १ जून देऊन मोकळे व्हायचे. काय दिवस होते!)

दोन गुरुजी, चार वर्ग. पहिलीला 'ग' गिरवायला द्या, दुसरीला पाढे, तिसरीला शुद्धलेखन, आणि चौथीला पहिलीवर लक्ष ठेवायला सांगा. दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेलेत, ते येतील.

ज्यांच्या घरी चारचाकी आहे त्यांची पोरं पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला जातात. उरली शेतमजुरांची, भटक्यांची, वीटभट्टीवरची. त्यांची जातनिहाय माहिती बिनचूक भरा, वर्षातून चारदा मागतात. तुमचा स्वतःचा मुलगा कुठे शिकतो असं कुणी विचारलंच, तर 'आम्ही तालुक्याला राहतो' म्हणा आणि विषय बदला.

पट विसाच्या आत गेला तर मात्र सांभाळा. २०२३ मध्ये अशा छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्यासाठी सरकारनं प्रस्ताव मागवले होते, म्हणजे तुमची पोरं दुसऱ्या गावाला आणि तुम्ही समायोजनाच्या, म्हणजे दुसरी शाळा मिळण्याच्या, रांगेत. जूनमध्ये नव्या पोरांची फुगे बांधून बैलगाडीतून मिरवणूक तुम्ही काढताच, पण त्यानं भागत नाही. गावात डोहाळजेवण असलं की पहिल्या पंगतीला बसा. सहा वर्षांनी पहिलीत प्रवेश नक्की, तेवढं आधारवर नाव नीट घालायला आत्ताच सांगून ठेवा.