मैदानाला कुलूप लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

तुमच्या भागात एखादं मैदान अजून उघडं असेल तर वेळ घालवू नका. उघडं मैदान म्हणजे झाकण नसलेलं दुधाचं पातेलं. दुपार कलली की त्यात पोरं पडतात, आणि एकदा पडली की अंधार होईस्तोवर निघत नाहीत.

सुरुवातीलाच एक पथ्य सांगतो. 'बंद' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मैदान बंद करणार म्हटलं की लोक सह्या गोळा करतात. 'सुशोभीकरण' म्हटलं की तेच लोक नारळ घेऊन येतात. कडेकडेने पेव्हर ब्लॉकची वाट करा. मग त्या वाटेवर चालणाऱ्यांना बॉल लागतो, म्हणून आतला खेळ थांबवा. एका कोपऱ्यात ओपन जिम, दुसऱ्यात सेल्फी पॉइंट, तिसऱ्यात वाचनकट्टा आणि चौथ्यात या सगळ्याच्या उद्घाटनाची कोनशिला. आमच्याकडे एवढं झाल्यावर मध्ये जी जागा उरली, तिथे लंगडी अजून खेळता येते. फक्त गडी दोनच घ्यावे लागतात.

मग फलक. यात कंजुषी नको. आमच्या फाटकाशेजारी निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत अकरा सूचना आहेत. पहिली ओळ: 'हे खेळाचे मैदान आहे.' दुसरी ओळ: 'येथे क्रिकेट, फुटबॉल व तत्सम खेळ खेळण्यास सक्त मनाई आहे.' या दोन ओळींच्या मध्ये पेंटरने एक फूल काढलंय, ते मला फार आवडतं. खाली वेळ दिली आहे, सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी ५ ते ७. पहिल्या वेळेत पोरं शाळेत असतात, दुसऱ्या वेळेत क्लासला. वेळ ठरवणाऱ्याने घरोघरी जाऊन वेळापत्रकं तपासली असणार. एवढ्या निगुतीने हल्ली कोण काम करतं?

पूर्वीच्या लोकांनी ही काळजी घेतली नाही. मुंबईचं आझाद मैदान बघा. २२ खेळपट्ट्या एकमेकींना खेटून; एका सामन्यातला मिडऑन दुसऱ्या सामन्यातल्या थर्डमॅनच्या पाठीला पाठ लावून उभा. १९८८ साली तिथेच हॅरिस शील्डच्या सामन्यात दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली. डाव घोषित करा म्हणून बाहेरून हाका येत होत्या, पण हे दोघं तिकडे बघेनात. वेळेवर शिट्टी मारणारा एक वॉचमन असता तर पुढे सरकारचं एक भारतरत्न वाचलं असतं.

कल्याणला यंत्रणा जास्त जागरूक निघाली. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या एका शाळकरी मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा काढल्या, ज्या शाळेच्या क्रिकेटमध्येच काय, कुठल्याच क्रिकेटमध्ये कुणी काढल्या नव्हत्या. त्याच वर्षी डिसेंबरात तो सरावाच्या मैदानात होता आणि तिथे मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी हेलिपॅडची तयारी चालली होती. त्याने हरकत घेतली, पोलिसांनी त्याला उचलून पोलीस ठाण्यात नेलं. १००९ धावांत जो कुणाला बाद करता आला नाही, त्याची विकेट हेलिकॉप्टर उतरायच्या आधीच गेली.

शिवाजी पार्कची केस अवघड. १९२५ साली ते लोकांना खुलं झालं आणि तेव्हापासून लोकांना तशीच वाईट सवय लागली आहे. कट्ट्यावरून ढांग टाकली की माणूस आत. पण तिथेही प्रयत्न सोडलेले नाहीत. २०१० साली उच्च न्यायालयाने ते शांतता क्षेत्र ठरवलं, पुढे शासनाने वर्षातले ४५ दिवस खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना मोकळे करून दिले. शांततेला ३२० दिवस उरले, तक्रारीला जागा नाही. शिवाय तिथली लाल माती उडून आसपासच्या घरांत बसते, रहिवासी ओरडतात, मग पालिका पाणी मारते आणि गवत लावते. यातलं गवत तेवढं तुम्ही उचला. गवत लावलंय, पाय ठेवू नये. गवत उगवलंय, तुडवू नये. गवत वाळलंय, पुन्हा लावायचंय. एक वर्ष आरामात निघतं.

स्वतः राखायचा कंटाळा असेल तर मैदान दत्तक द्या. मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मोकळ्या जागा राखायला बाहेरच्या संस्थांना दत्तक देण्याचं धोरण मंजूर केलं तेव्हा एवढी बोंब उठली की मुख्यमंत्र्यांना ते थांबवावं लागलं. लोकांना दत्तक या शब्दाचा अर्थच कळत नाही. दत्तक गेलं की आडनाव बदलतं, जुन्या भावंडांनी दारात उभं राहायचं नसतं.

आता थोडं परवानग्यांविषयी. पोरांना रविवारी टेनिस बॉलची स्पर्धा घ्यायची असेल तर अर्ज, अनामत, पोलिसांचं पत्र, ॲम्ब्युलन्सची सोय आणि 'गोंगाट करणार नाही' असं हमीपत्र मागा. हमीपत्र मुद्रांकावर असेल तर उत्तम. आनंदमेळा, खाद्यमहोत्सव किंवा कुणाच्या पुतण्याचा स्वागतसमारंभ असेल तर फोन पुरतो.

इथेच या शास्त्राचा खरा गाभा आहे, नीट लक्ष द्या. कार्यक्रम झाला की मांडवाचे वासे ट्रकमधून जातात, खड्डे मागे राहतात. गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने कॅचसाठी मागे धावताना अशाच एका खड्ड्यात पाय घातला. खड्डा बरोबर वाशाच्या मापाचा, काठाला सुतळी, तळाला आइस्क्रीमचा लाकडी चमचा. घोटा लिंबाएवढा सुजला. समितीने त्याच रात्री तातडीची बैठक घेतली, चहा झाला, फोटो पाहिले आणि एकमताने ठरलं की मैदान खेळण्यास धोकादायक आहे. कुलूप शनिवारी आलं. खड्डा अजून आहे, पण आता त्यात कुणी पडत नाही.

एक त्रुटी मात्र राहून गेली, ती तुम्ही सुरुवातीलाच दूर करा. पोरं आता फाटकाबाहेरच्या गल्लीत खेळतात आणि विकेट म्हणून त्यांनी आमचा फलकच धरला आहे. खडूने तीन रेघा ओढल्यात, अगदी मापात. बॉल 'सक्त'ला लागला की आउट, 'मनाई'ला लागला की लेग बाय, आणि फुलाला लागला तर काय, यावर रोज भांडण. वॉचमनला पंच केलंय. शिट्टी त्याच्याकडे होतीच. पत्र्याला तीन ठिकाणी पोचे आलेत. येत्या बैठकीत फलकाला लोखंडी जाळी बसवण्याचा ठराव मांडतोय, अनुमोदनाला कुणी मिळालं तर बरं.