काट्यावरचं वजन : एका प्रतिक्रियेला उत्तर

गोव्यात डिचोलीजवळच्या एका मांगरात (शेतावरच्या कौलारू खोपटात) पंचवीसेक वर्षं उभ्या असलेल्या, विलीज या अमेरिकन कंपनीच्या जुन्या पिकअपवर मी मागे लिहिलं होतं. त्याखाली आपली लांबलचक प्रतिक्रिया आली. आपण नाव दिलेलं नाही, ‘एक अनुभवी मेकॅनिक’ एवढीच सही आहे, तेव्हा मीही आपल्याला त्याच नावानं ओळखतो. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं की इतकी वर्षं उभ्या गाडीची किंमत एकच, काट्यावरचं वजन, म्हणजे भंगाराचा किलोचा भाव, आणि मालक वारल्यावर वाटणीसाठी मी तिला 3.25 लाख किंमत लावणं म्हणजे वारसांची फसवणूक. पंधरा वर्षं उलटलेली गाडी तशीही रस्त्यावर आणता येत नाही. इथेनॉलची भीती मी उगाच घालतो. ब्रेकबद्दल मी पुरेसं लिहिलेलं नाही. आणि शेवटी, ‘ब्लॉग लिहिणाऱ्यांनी आधी स्पॅनर धरायला शिकावं, मग लोकांना अक्कल शिकवावी.’

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते वाचून मला त्रास झाला आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही. मतभेद असू द्या. या ब्लॉगवर माझी चूक दाखवणाऱ्या कितीतरी प्रतिक्रिया आहेत, एकही मी काढलेली नाही. पण स्पॅनर कुणाला धरायला सांगतो आहोत याची चौकशी आपण आधी करायला हवी होती. माझे वडील खाणीवर टिपर (खनिज वाहणारा ट्रक) चालवत. मी त्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केली, ग्रीस गन मारण्यापासून सुरुवात केली आणि पुढे तिथंच इंजिनं उतरवली, बांधली. उजव्या अंगठ्याचं नख फॅन बेल्टमध्ये गेलं, ते आजतागायत धड आलेलं नाही. हे सांगत फिरायची मला सवय नाही. आपण वयानं मोठे असाल तर मोठ्या माणसाला शोभेल असं लिहावं, आणि लहान असाल तर मग बोलायलाच नको.

आता ते काट्याचं वाक्य. बाकीच्या मुद्द्यांना दोन-दोन ओळी पुरतील, या एका वाक्याला पुरणार नाहीत.

हे वाक्य मी आपल्याकडून पहिल्यांदा ऐकत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा पाळी, वेळगे, पिसुर्ले, तिकडे सावर्डे, कुडचडे, जाल तिथं दहा टनी टिपर दारात उभे होते. आंब्याखाली, देवळाच्या मैदानाकडेला, काही तर भाताच्या खळ्यात. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते. एक-दोन पावसाळे गेले आणि गावागावांतून माणसं फिरायला लागली. बोलणं सगळ्यांचं एकच: उभी गाडी म्हणजे भंगार, आज देत असाल तर किलोवर घेतो, पुढच्या वर्षी तेवढेही यायचे नाहीत. माझ्या थोरल्या भावानं दोन टिपर असे देऊन टाकले. घेणाऱ्यानं ते कापले नाहीत. डिझेलची टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले, बॅटऱ्या घातल्या आणि दोनांतली एक गाडी अनमोड घाट चढून स्वतःच्या चाकांवर कर्नाटकात गेली. भावाला हे कळलं त्यानंतर तो बरेच दिवस कुणाशी धड बोलत नव्हता. आमच्या घरात आजही तो विषय निघत नाही.

म्हणून कुणी काट्याची भाषा करायला लागला की मी आधी विचारतो, काटा कुणाचा? गाडी उभी राहिली की ती खराब होते हे खरं. पण किती आणि कुठं खराब झाली हे न बघता सरळ किलोचा भाव बोलणारा माणूस एक तर आळशी असतो, नाही तर गिऱ्हाईक असतो. तुम्ही यातले कोण हे मला माहीत नाही, पण गाडी न पाहताच तुम्ही किंमत सांगितलीत, एवढं तुमच्याच प्रतिक्रियेत लिहिलेलं आहे.

तुमच्या पद्धतीनंच हिशेब करू. पिकअप साधारण दीड टनाची. किलोला 30 रुपये धरले तर 45 हजार होतात. पण काट्याला फक्त लोखंड कळतं. ही गाडी विलीजनं 1947 ते 1965 या काळात बनवली, म्हणजे तिचा पत्रा, ग्रिल, दारं, हौदा हे आता इथं सहजी मिळत नाही. आणि तिच्यातलं इंजिन हरिकेन आहे, 134 घनइंचाचं, म्हणजे 2.2 लिटरचं, इनटेक व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा आत घेणारी झडप) वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी) खाली ब्लॉकमध्ये. हेच इंजिन महिंद्रानं आपल्या जीपमध्ये वर्षानुवर्षं वापरलं, त्यामुळे रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट असलं सामान जुन्या जीपवाल्यांकडे अजून मिळतं. ज्या गाडीचं इंजिन इथंच दुरुस्त होऊ शकतं आणि जिचं अंग दुसरीकडून सहजी आणता येत नाही, तिचं अंग शाबूत असेल तर किंमत त्या अंगाची. हे कुठल्याही जुन्या जीपच्या शौकिनाला विचारा. त्याच्याकडे तीन इंजिनं पडलेली असतात आणि एक धड दार नसतं.

अंग शाबूत आहे का, हे मी कसं पाहिलं ते मूळ लेखात होतं. तुम्ही तो भाग सोडून पुढं गेलेले दिसता, म्हणून पुन्हा लिहितो. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात खारी हवा. इथं उभी गाडी आधी खालून जाते. वरचा रंग पाहून किंमत लावणारा फसलाच. मी खाली झोपून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, इंचाइंचानं हातोडी मारत गेलो, खास करून मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे त्या जिथं सांगाड्याला जोडतात तिथं, आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर, जिथं माती बसते आणि ओल धरून ठेवते. धड लोखंड खणकन वाजतं, पोखरलेलं भद्द करतं. दोन ठिकाणी भद्द आवाज आला. दोन्ही ठिकाणं हौद्याच्या पट्टीवर होती, चॅसीवर एकही नाही. घरच्या म्हाताऱ्या मालकांनी गाडी उभी करताना जॅक लावून लाकडी ठोकळ्यांवर घेतली होती आणि मांगराला कौलं वेळच्या वेळी घातली होती, त्याचा हा परिणाम.

मग चॅसी नंबर. त्यावर गंजाचा थर होता. पॉलिश पेपरनं हळूहळू घासला, पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरवली तशी ठोकलेली अक्षरं एकेक करून कागदावर उमटली. आरसी बुकातल्या नंबराशी ती तंतोतंत जुळली. आरसीवर जुना जीडी मालिकेतला नंबर आहे, गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हाचा. अशी मूळ कागदपत्रं आणि मूळ चॅसी एकत्र असणं याची किंमत काट्यावर शून्य येते. बाजारात ती किंमत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसेल तर तो माझा दोष नाही.

इंजिनाबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘जाम असणारच.’ जाम होतं. म्हणूनच मी सेल्फला हात लावला नाही. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असताना सेल्फ मारला की रिंग तुटते आणि सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात. अनेक चांगली इंजिनं उभी राहून मरत नाहीत, ती चालू करण्याच्या घाईत मरतात. चारही प्लग खोलून आत डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडलं आणि ते मुरू दिलं. नंतर पुढून हँडल घालून, जोर न लावता, थोडं पुढं थोडं मागं. क्रँक सुटला. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र वर अडकून राहिला होता. या इंजिनात ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडलं की व्हॉल्व्हची दांडी आणि स्प्रिंग समोर येते. दांडीवर तेल सोडत, स्क्रू ड्रायव्हरनं स्प्रिंगच्या वाटीला हलकेच खालीवर करत तो मोकळा केला. हेड उतरवावं लागलं नाही. जुनं ऑइल काढून नवं भरलं, प्लगशिवाय फिरवून ऑइल वरपर्यंत चढू दिलं आणि मगच कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते, पाहिलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे. हे सगळं स्पॅनर न धरता होत नाही.

आणखी एक. विम्याच्या कोष्टकातसुद्धा घसारा पाच वर्षांपर्यंतच ठरवून दिलेला आहे, 50 टक्क्यांपर्यंत. त्यापुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही जुन्या गाडीला एकच सूत्र लावलेलं नाही. तुम्ही मात्र एका ओळीत लावून मोकळे झालात.

‘फसवणूक’ हा शब्द मी गंभीरपणे घेतो, कारण तो माझ्यापुरता राहत नाही, त्या घराला लागतो. मालक वारले. आपल्याकडे वाटणी इन्व्हेंटरीतून होते. त्यासाठी आता 2012 चा गोव्याचा वारसा कायदा आहे. मालमत्तेची यादी होते, प्रत्येक वस्तूपुढे किंमत येते आणि वारसांमध्ये बोली होऊ शकते. बोली जिंकणारा वस्तू घेतो आणि बाकीच्यांना त्यांचा हिस्सा पैशात देतो. या यादीत पिकअपपुढे 45 हजार लिहिले असते, तर पुण्याला असलेली मुलगी, जिनं ती गाडी लग्नाआधी शेवटची पाहिली, ती बोलीत उतरली असती का? उतरली नसती, भंगार समजून सोडून दिली असती. कमी किंमत लिहिणं सालस वाटतं, पण त्यात कुणाचा तरी हिस्सा गिळला जातो. मला तिन्ही भावंडांनी मिळून बोलावलं होतं. मी पैसे घेतले नाहीत. ती गाडी विकत घ्यायचा माझा विचार नव्हता आणि आजही नाही. 3.25 लाख हा आकडा बंद स्थितीतल्या, न रंगवलेल्या, न सजवलेल्या गाडीचा आहे, आणि तो लेखी देऊन खाली मी सही केली आहे. तुमच्या प्रतिक्रियेखाली सहीसुद्धा नाही.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे आणि ती मी मान्य करतो. टायर आणि ब्रेकचा खर्च मी आकड्यातून वजा केला होता, पण लेखात तो वेगळा दाखवला नव्हता. दाखवायला हवा होता. टायरवर बनवल्याच्या तारखेचा तीन आकडी कोड आहे, म्हणजे 2000 सालाआधीचे, ते टाकायचेच. ब्रेकचे व्हील सिलिंडर गंजून बसलेले, रबरं दगड झालेली, ड्रमला शू चिकटलेले. सगळं नवं घालावं लागेल. मूळ लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

बाकीचं थोडक्यात. पंधरा वर्षांचा मुद्दा तुम्ही दिल्लीच्या बातम्यांवरून उचललेला दिसतो. गोव्यात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपली की तपासणी करून पुढे पाच-पाच वर्षांसाठी नव्यानं करता येते, आणि ही गाडी खासगी म्हणूनच नोंदलेली आहे. शुल्क आणि उशिराचा दंड मी धरला आहे. शिवाय पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी 2021 पासून वेगळे नियम आहेत. त्यांचं पुढं काय करायचं ते वारस ठरवतील.

इथेनॉलबद्दल मी भीती घातलेली नाही. पंपावर आज 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. या गाडीच्या पेट्रोल पंपात रबरी डायफ्रॅम (पडदा) आहे. तो फाटला तर पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग जातात. पन्नास रुपये वाचवायला जुना डायफ्रॅम ठेवणारा मेकॅनिक मी तरी अनुभवी म्हणणार नाही.

तुमच्या आकड्यावर तुम्ही ठाम असाल तर नावानिशी या. त्या घरच्यांना विचारून मी मांगर उघडतो. हातोडी आणि कॉम्प्रेशन गेज तुमचं आणा, तुमच्या हातानं तपासा आणि काय निघालं ते इथंच लिहा, मी एक अक्षरही न कापता छापीन.

तुमची दुसरी प्रतिक्रिया, जिच्यात त्या घरातल्या सुनेबद्दल लिहिलेलं होतं, ती मी काढून टाकली आहे आणि तशी पुन्हा आली तर पुन्हा काढीन. पहिली जशीच्या तशी ठेवली आहे.