"त्यो थेंब हाय, औषध कुठलं?"

आज सकाळी राजारामपुरीत, मेडिकलच्या बाकड्यावर एक आजोबा. शर्ट घामानं चिंब, बोलणं तुटक. गुरुवारचा उपवास, पण ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी गोळी सवयीनं घेतलेली. बोट टोचलं तर साखर ५४, फारच खाली. पोरगा विचारतोय, "आप्पा, आनी काय औषध चालू हाय?" "काय न्हाई." आणि खिशात टिमोलॉलची, म्हणजे काचबिंदूच्या थेंबांची बाटली! दाखवल्यावर म्हणाले, "त्यो थेंब हाय. औषध कुठलं?"

डोकं तिथंच फिरलं. आजोबांवर नाही ओ.

थेंब डोळ्यात राहत नाही. नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून तो नाकात उतरतो आणि तिथल्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात जातो. पोटातल्या गोळीला आधी यकृताचा नाका लागतो, ह्याला तोही नाही. साखर घसरली की छातीत धडधडतं, हात थरथरतात, ही शरीराची बोंब. टिमोलॉल नेमकी हीच बोंब दाबू शकतो. वर यकृतानं साखर सोडायचं कामही मंदावतं, म्हणजे सावरायला उशीर. घाम तेवढा दाबला जात नाही. आजोबा काय म्हणाले? "घाम आला, पर धडधडलं न्हाई, म्हटलं उन्हाचं असंल." दुसरं काय म्हणणार? त्यांना कुणी सांगितलं होतं?

मान्य, थेंबानं प्रत्येकाला त्रास होत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याची साखर सहसा इतकी पडतही नाही. पण इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड घेणारं माणूस कुठल्या गल्लीत नाही? श्रावणात, नवरात्रात निम्मं कोल्हापूर उपाशी, गोळ्या मात्र चालूच. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा की!

बाटलीवरच्या मोठ्या नावावर जाऊ नका, बारीक अक्षरं वाचा. डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडिन, बिमाटोप्रोस्ट यांच्या जोडीला टिमोलॉल घातलेल्या बाटल्या भरपूर आहेत. (दमेकऱ्यांनी तर हे वाचायलाच हवं, टिमोलॉल त्यांच्या छातीवर येतो.) नुसता लॅटानोप्रोस्ट असेल तर साखरेशी त्याचं असं भांडण नाही.

डोळ्याचा दाब फार वाढला की अॅसिटाझोलामाइडची गोळी देतात. ती रक्तात आम्ल वाढवते. सोबत मेटफॉर्मिन आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर लॅक्टिक अॅसिडोसिसचा, म्हणजे रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका वाढतो. डॅपाग्लिफ्लोझिनही (लघवीतून साखर बाहेर काढणारी गोळी) चालू असेल तर शरीरातलं पाणी दोन्हीकडून जातं. ती गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघितलंय का, एवढं विचारा.

पण आजोबांची डोळ्याची फाईल एका पिशवीत, साखरेची दुसऱ्या. दोन्ही कधी एका टेबलावर आल्याच नाहीत. डॉक्टरांकडं रांग असते, असू दे. आणि आम्ही मेडिकलवाले तरी काय वेगळे, पुडा बांधून सुट्टे पैसे परत.

थेंब घालायची रीत कुणी दाखवत नाही, म्हणून लिहितो. डोकं मागं, खालची पापणी ओढायची, एकच थेंब. दुसऱ्याला डोळ्यात जागाच नसते, तो गालावर नाहीतर नाकात. मग डोळा मिटायचा आणि नाकाकडचा कोपरा बोटानं २-३ मिनिटं दाबून धरायचा, म्हणजे नाकात उतरणारं औषध बरंच कमी होतं. पापण्या फडफडवायच्या नाहीत. दुसरी बाटली किमान ५ मिनिटांनी. फोडल्याची तारीख लेबलवर लिहा, साधारण ४ आठवड्यांनी टाकून द्या.

आणि घाम फुटला, गोंधळल्यासारखं झालं, तर धडधडीची वाट बघू नका. बोट टोचा. ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासणी. आज कुणीतरी लगेच पेढा पुढं केला. माया कळते, पण त्यातल्या खव्यानं साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट दवाखाना.

हे वाचून थेंब बंद कराल तर बघा! काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. बदलायचा असेल तर डोळ्याचे डॉक्टर बदलतील, त्यांच्यासमोर साखरेच्या गोळ्यांची यादी ठेवा.

२० मिनिटांनी आजोबांची साखर ९८. काय खाऊ, विचारलं, आणि बाटली परत खिशात. पोराला म्हटलं, काढ ती, गोळ्यांच्या कागदावर तिचं नाव लिही. त्याच्याकडं पेन नव्हता. दिला.