पुस्तक कागदाचं आहे म्हणून रात्री २ पर्यंत वाचलेलं चालतं का?

अंथरुणात वाचणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा गाभा असा: झोप बिघडते ती मोबाइलमुळे, कागदी पुस्तकामुळे नाही. ६ मिनिटांच्या वाचनाने ताण ६८ टक्के उतरतो. कागदातून निळा प्रकाश येत नाही. शरीराला झोप हवी झाली की डोळे आपोआप मिटतात, तोवर बिनधास्त वाचा. गजर ९० मिनिटांच्या पटीत लावा, बुडालेली झोप रविवारी भरून काढा, आणि हळूहळू ५ तासांची सवयही होते.

वाचनाची आवड असलेल्या कुणालाही हे पटावंसं वाटेल, म्हणून तर तो भराभर पुढे जातो. पण त्यातले बहुतेक दावे चुकीचे आहेत आणि जे अर्धे खरे आहेत ते वेगळ्याच परिस्थितीबद्दलचे आहेत. रात्रीच्या वाचनाने झोपेचं काय होतं, हे मुख्यतः दिवा किती वाजता बंद होतो यावर ठरतं. या मजकुरात तेवढीच एक गोष्ट मोकळी सोडली आहे.

‘वाचनाने झोप सुधारते’

यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य करायला हवं. आयर्लंडमधल्या संशोधकांची एक ऑनलाइन चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ९९१ जण सहभागी होते. निम्म्यांनी आठवडाभर झोपण्यापूर्वी अंथरुणात पुस्तक वाचायचं, निम्म्यांनी अंथरुणात वाचायचं नाही. वाचणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांनी झोप सुधारल्याचं सांगितलं, न वाचणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनी. फरक लहान नाही. मात्र ही सहभागी लोकांनी स्वतः दिलेली उत्तरं आहेत, झोप यंत्रावर मोजलेली नाही. शिवाय इथे वाचन हे झोपण्यापूर्वीचं वाचन आहे. झोपेच्या जागी केलेलं वाचन ही निराळी गोष्ट, आणि तिच्या समर्थनासाठी हा आकडा वापरता येत नाही.

६८ टक्क्यांचं मात्र काहीच धरून चालता येत नाही. हा आकडा २००९ सालचा, ब्रिटनमधल्या डेव्हिड लुइस यांच्या माइंडलॅबच्या प्रयोगातला. मोजक्या लोकांच्या हृदयाचे ठोके आणि स्नायूंचा ताण त्यात पाहिला होता. तो तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध म्हणून छापून आला नाही, वृत्तपत्रांतून पसरला. झोप त्यात मोजलेलीच नव्हती. आणि खून कुणी केला हे कळायला १० पानं उरलेली असताना ठोके उतरतील अशी अपेक्षा तरी कशी करायची?

‘कागदातून निळा प्रकाश येत नाही’

कागदातून येत नाही हे खरं. पण कागद अंधारात वाचता येत नाही, त्यावर दिवा लागतोच.

कागद विरुद्ध पडदा या वादात ज्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो तो हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी केला. निष्कर्ष खरे आहेत: प्रखर पडद्यावर संध्याकाळी ४ तास वाचल्यावर कागदी पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सुमारे १० मिनिटं जास्त लागली, आणि मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, पुढच्या संध्याकाळी दीड तास उशिरा वाढलं. पण त्यात फक्त १२ जण होते आणि दोन्ही प्रकारच्या रात्री दिवे ठरलेल्या वेळी, १० वाजता, बंद होत होते. पुस्तक हातात होतं म्हणून कुणी २ पर्यंत जागं राहिलेलं नाही. हा प्रयोग दाखवून ‘कागदी असेल तर कितीही वाचा’ म्हणणाऱ्यांनी तो नीट वाचलेला नाही.

त्याच सुमाराचं आणखी एक काम फारसं कुणी सांगत नाही. २०११ साली ११६ जणांवर असं दिसलं, की झोपण्यापूर्वीचे तास अगदी मंद उजेडाऐवजी खोलीच्या साध्या उजेडात, २०० लक्सपेक्षाही (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) कमी, घालवले तर मेलाटोनिन स्रवण्याचा कालावधी सुमारे ९० मिनिटांनी घटतो. हा उजेड पडद्याचा नव्हता. छतावरची ट्यूबलाइट लावून कागदी पुस्तक वाचणारा माणूस याच उजेडात बसलेला असतो.

त्यामुळे दिवा बदलावा. छतावरचा बंद करावा, पुस्तकाला किंवा पलंगाच्या कडेला लावायचा क्लिपचा दिवा घ्यावा, पिवळसर, २७०० केल्व्हिन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचा. उजेड पानावर पडायला हवा, डोळ्यांत नाही: उशीवर डोकं टेकलेलं असताना दिव्याचा बल्ब थेट दिसत असेल तर तो वळवा किंवा खाली आणा. अंतरही महत्त्वाचं. छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की पानावरचा उजेड साधारण चौथाईवर येतो, त्यामुळे लांबचा प्रखर दिवा लावण्यापेक्षा जवळचा मंद दिवा बरा, खोली अंधारीच राहते. चाळिशीनंतर मात्र उजेडाची कंजूसी करू नये. वाढत्या वयात डोळ्याच्या पडद्यापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो.

जाता जाता विरुद्ध बाजूच्या एका समजाबद्दलही. मंद उजेडात वाचून मोठ्या माणसांचे डोळे कायमचे खराब होत नाहीत. वाचताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, डोकं जड होतं. विश्रांतीने ते उतरतं. लहान मुलांचा प्रश्न निराळा आहे. तासन् तास जवळून पाहणं आणि बाहेरच्या उजेडात कमी असणं याचा त्यांच्या चष्म्याच्या नंबराशी संबंध आढळतो.

‘झोप हवी झाली की डोळे आपोआप मिटतात’

सगळ्या मजकुरात हाच दावा सर्वांत घातक, कारण बाकीचे त्याच्यावर उभे आहेत.

झोप दोन गोष्टींच्या मेळातून लागते, अशी मांडणी झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली आणि आजही तीच पायाभूत मानली जाते. एक, झोपेची ओढ. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ओढ वाढत जाते. दुसरं, जैविक घड्याळ. ते संध्याकाळी उशिरापर्यंत जागं ठेवतं आणि मग हात सोडतं. ही दोन्ही जुळली की पेंग येते. पण त्यांच्यावर मात करणारी तिसरी गोष्टही असते, ती म्हणजे उत्तेजना. भीती, उत्सुकता, पुढे काय होईल याची धाकधूक यांनी मेंदूतली जागं ठेवणारी यंत्रणा चालू राहते. अ‍ॅडेनोसिन कमी झालेलं नसतं, त्याची जाणीव फक्त झाकली जाते. कंटाळवाण्या पुस्तकावर डोळे मिटतात आणि पकड घेणाऱ्या पुस्तकावर मिटत नाहीत, याचं कारण हेच. म्हणजे ज्या पुस्तकासाठी हा सल्ला लागतो त्याच पुस्तकावर तो लागू पडत नाही.

पेंग येण्याची वेळ ओळखता येते. एकच ओळ दुसऱ्यांदा वाचली जाते. पात्राचं नाव आधी कुठे आलं होतं ते आठवत नाही आणि मागचं पान उलटावं लागतं. पुस्तक छातीकडे कलतं. पान उलटायला घेतलेलं बोट तिथेच राहतं. या खुणा दिसल्या की त्याच क्षणी दिवा बंद करायचा, परिच्छेद पूर्ण करण्यासाठीही थांबायचं नाही. कथानकाने पुढचा धक्का दिला की खुणा नाहीशा होतात, आणि माणसाला वाटतं की आपली झोप झाली. झालेली नसते. अशा वेळी पुस्तक मिटल्यावरही डोक्यात प्रसंग चालूच राहतात, त्यामुळे बुडालेल्या झोपेत वाचनाचा वेळ आणि त्यानंतर कूस बदलण्याचा वेळ दोन्ही धरावे लागतात.

‘फक्त हे प्रकरण संपवतो’ हा दुसरा सापळा. घड्याळ लावून स्वतःचा वेग एकदा मोजून पाहा. पानाला २ मिनिटं लागत असतील तर १८ पानांचं प्रकरण म्हणजे ३६ मिनिटं, आणि मनातल्या मनात आपण ती १० धरलेली असतात. त्यात प्रकरणाचा शेवट ही थांबण्याची सर्वांत वाईट जागा आहे. वाचकाने पान उलटावं म्हणूनच तिथे पेच टाकलेला असतो. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या दोन-तीन पानांत तो पेच बहुधा जरा सैलावतो, किंवा कथा दुसऱ्याच पात्राकडे वळते. थांबायचं ते तिथे, प्रकरणाच्या मध्ये.

पण हे वाचनाच्या ओघात ठरवायला जाऊ नका, त्या वेळी कुणालाच जमत नाही. पुस्तक उघडण्याआधी ठरवा. अर्धा तास हातात असेल आणि पानाला २ मिनिटं लागत असतील तर १५ पानं मोजा आणि तिथे दुसरी वाचनखूण घाला. ती जागा प्रकरणाच्या शेवटच्या पानावर येत असेल तर तीन पानं मागे सरकवा. दात घासणं, पाणी, दार-खिडक्या, सकाळचा गजर हे सगळं वाचनाआधी उरकून घ्या. पेंग आल्यावर न्हाणीघरातल्या पांढऱ्या उजेडात उभं राहिलं की ती उडते आणि माणूस परत येऊन पुस्तकच उचलतो. रात्री थांबण्याचा गजर हाताला लागणार नाही इतक्या लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. उशाशी ठेवलेला गजर बंद करताना डोळे पुस्तकावरून हलतही नाहीत. टायमरचा प्लग मिळत असेल तर दिवाच त्याला जोडा.

बसण्याच्या पद्धतीकडेही लक्ष असू द्या. कुशीवर, कोपर गादीत रोवून हातावर डोकं टेकवून वाचणाऱ्यांची करंगळी आणि अनामिका बधिर होते, कारण कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस दाबली आणि ताणली जाते. पाठीला उशी लावून टेकून बसा, मांडीवर दुसरी उशी घ्या आणि पुस्तक तिच्यावर तिरकं, डोळ्यांपासून ३५ ते ४० सेंटिमीटरवर ठेवा. हनुवटी छातीला लागत असेल तर मांडीवरची उशी कमी पडतेय.

‘गजर ९० मिनिटांच्या पटीत लावा’

झोपेचं एक चक्र ९० मिनिटांचं असतं ही सरासरी आहे. प्रत्यक्षात एकाच माणसाच्या एकाच रात्रीत ते ७० पासून १२० मिनिटांपर्यंत बदलतं, आणि झोप नेमकी कधी लागली हे झोपणाऱ्याला माहीत नसतं. या हिशेबाने साडेचार तास ‘पूर्ण’ ठरतात, ते ठरत नाहीत. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप उत्तरार्धात. उशिरा झोपून नेहमीच्या गजराला उठलं की मुख्यतः हा उत्तरार्ध कापला जातो, गजर कितीही हिशेबाने लावला तरी.

‘रविवारी भरून काढा’, ‘५ तासांची सवय होते’

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही जणांना सलग १४ दिवस रोज ६ किंवा ४ तासच झोपू दिलं. लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खाली आली. त्यांना स्वतःला मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी जास्त पेंग जाणवत नव्हती. सवय झाली असं वाटतं ते यामुळे. जाणवणं थांबतं, घसरण चालू राहते. कमी झोपेवर खरोखर ठीक राहणारे लोक आहेत, २००९ साली एका कुटुंबात त्यामागचा जनुकीय बदलही सापडला. पण ते विरळा आणि जन्मतःच तसे असतात. प्रौढांना नियमितपणे किमान ७ तास लागतात.

रविवारी दुपारपर्यंत झोपल्याने पेंग उतरते, पण जैविक घड्याळ पुढे ढकललं जातं. रविवारी रात्री वेळेवर झोप येत नाही, हाताशी पुस्तक असतंच, आणि सोमवार पुन्हा कमी झोपेवर सुरू होतो. कोलोरॅडोतल्या २०१९च्या अभ्यासात आठवडाभर कमी झोपून सुटीच्या दिवशी भरपूर झोपणाऱ्यांमध्ये इन्सुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद कमी झाला होता. भरपाईने तो वाचला नाही.

एखाद्या रात्री पुस्तकाने २ वाजवलेच, तर सकाळी नेहमीच्या वेळेपेक्षा फार तर तासभर उशिरा उठा आणि लगेच बाहेरच्या उजेडात या. दुपारी ३ च्या आत २० मिनिटांची डुलकी घ्या, त्याहून लांबवू नका. कॉफी सकाळीच संपवा. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. रात्री नेहमीच्याच वेळी, किंवा फार तर तासभर आधी झोपा. त्या दिवशी लांब पल्ल्याची गाडी चालवू नका. सलग १७ ते १९ तास जागं असलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतक्या मंदावतात, आणि सकाळी ७ ला उठलेला माणूस मध्यरात्री या हद्दीत पोहोचतो.

ज्यांना पुस्तक नसलं तरी झोप लागत नाही, त्यांना वरचं वाचनखुणेचं तंत्र पुरणार नाही. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेली पद्धत त्यांच्यासाठी आहे: वाचन खुर्चीत करायचं, पेंग आल्यावरच अंथरुणात जायचं, साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून पुन्हा खुर्चीत बसायचं, आणि सकाळी उठण्याची वेळ बदलायची नाही. आठवड्यातून किमान ३ रात्री, ३ महिन्यांहून अधिक काळ हा त्रास असेल तर तो निद्रानाश असू शकतो. त्यावर गोळ्यांच्या आधी याच पद्धतीवर आधारलेले वर्तनोपचार दिले जातात, म्हणून डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा लिहून न्या.