घरचाच मुलगा आहे ना!

आत्ता सोसायटीच्या मीटिंगमधून आलेय आणि डोकं फिरलंय. शुद्धलेखन बघू नका.

विषय गणपतीतल्या कार्यक्रमांचा. मांडववाल्याचे पैसे ठरले. साउंडवाल्याने अठरा हजार सांगितले, घासाघीस करून सोळावर आणला. लहान मुलांसाठी जादूगार, त्याचेही मंजूर. मग एकाला आठवण झाली. "वहिनी, तुमचा तो भाचा रॅप करतो ना? विसर्जनाच्या आदल्या दिवशी म्हणू दे की दोन गाणी." मी म्हटलं, विचारते, मानधन किती लिहू? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी दानपेटीत हात घातला. "मानधन कसलं, घरचाच मुलगा आहे ना! एक्सपोजर मिळेल त्याला." आणि वर, "शिव्याबिव्या नकोत हं."

जादूगाराला नाही लागत वाटतं एक्सपोजर.

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, अमरावती जिल्ह्यातला, तिवसा तालुक्यातला. भिवंडीला गोदामात पार्सलं स्कॅन करतो. कल्याणला एका खोलीत चौघं राहतात. रविवारी आमच्याकडे डोंबिवलीला येतो. आत्याच्या मायेने येतो असं मी लोकांना सांगते, पण तो कपाटासाठी येतो.

बेडरूममधलं भिंतीतलं कपाट. माझ्या साड्या पलंगावर काढायच्या, आत तिन्ही बाजूंनी आईने शिवलेल्या गोधड्या टांगायच्या, मध्ये स्टुलावर माइक. माइकच्या पुढे भरतकामाची रिंग आणि तिच्यावर ताणून बसवलेला माझा जुना नायलॉनचा मोजा. प आणि फ म्हणताना तोंडातला वारा माइकवर आदळतो म्हणे, तो मोजा अडवतो. मे महिना होता. पंखा बंद, कारण पंख्याची घरघर येते. त्याच चार ओळी चौदा वेळा. कधी लोकलचा भोंगा, कधी भंगारवाला, कधी खालच्यांचा मिक्सर. पंधराव्यांदा सगळं जमलं आणि शेवटच्या शब्दावर माझ्या कुकरची शिट्टी झाली. डाळ लावली होती, विसरलेच होते हो मी.

तो बाहेर आला तेव्हा बनियन पिळून काढावं इतका घाम. आता हा चिडणार म्हणून मी गॅस बंद करायला धावले, तर म्हणतो, "थांब आत्या, अजून एक होऊ दे." माइक उचलून ओट्यापाशी घेऊन आला. ती शिट्टी गाण्यात आहे, दुसऱ्या कडव्यानंतर.

हे सगळं मीटिंगमध्ये कसं सांगणार? त्यांना दिसतात ती तीन मिनिटं. पोरगं येतं, टोपी उलटी घालतं, हातवारे करतं, झालं. एक काका तर म्हणाले, मोबाईलवर म्युझिक लावून बोलायचंच तर असतं. काका, ते म्युझिक फुकट मिळत नाही. बीट भाड्याने घ्यावी लागते, आणि तीच बीट आणखी दहा जणांना दिलेली असते. मिक्सिंग करणाऱ्याचे वेगळे. गाणं सगळीकडे चढवणाऱ्या कंपनीची वर्षाची फी वेगळी. आणि येतं किती? स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केलाय, बारा महिन्यांत गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचा पैसाच निघत नाही. आमचं गाणं सातशेच्या घरात आहे. त्यातले शंभरेक माझेच असतील, भांडी घासताना.

बरं, रॅपच्या नावाखाली नुसत्या शिव्या आणि गाड्या-साखळ्यांचा मिजास चालतो, तेही आहे. मला स्वतःला नाही ऐकवत.

पण ह्याचं गाणं कशावर आहे माहितीये? एकदा स्कॅन करताना आमच्याच तालुक्याच्या पिनकोडचं पार्सल हातात आलं. दोन मिनिटं धरून उभा राहिला, मागून सुपरवायझर ओरडला. पुठ्ठ्याचं खोकं चार दिवसांत गावाला पोहोचणार आणि आपण दिवाळीपर्यंत इथेच. बस, त्याच्यावर गाणं. टिटवाळा लोकलमध्ये दाराशी उभं राहून मोबाईलवर लिहिलेलं. आणि तेही वऱ्हाडीत.

वऱ्हाडीत, हे महत्त्वाचं. आधी तो मुंबईच्या हिंदीत लिहायचा, भाई, गल्ली, सीन. मला हसू यायचं. तुझी कुठली रे गल्ली, तुझ्या घरापुढे तर संत्र्याची बाग. मग त्याने सौरभ अभ्यंकर ह्या रॅपरला ऐकलं. हाही अमरावतीचाच, नाव लावतो १००आरबीएच. शंभर म्हणजे सौ, पुढे आरबीएच, झालं सौरभ. आपल्याकडचा माणूस आपल्या बोलीत दणकून बोलतोय आणि मुंबईची पोरं त्याच्या ओळी पाठ म्हणतायत, हे त्याने पाहिलं. 'स्वदेशी' ह्या ज्या रॅप ग्रुपमध्ये सौरभ आहे त्यांच्यातलाच एक एमसी तोड फोड, गुजरातीत रॅप करायचा. मार्च २०२२ मध्ये गेला, चोवीस वर्षांचा होता. त्या रात्री भाचा आमच्याकडे जेवला नाही. ओळख ना पाळख. मी तेव्हा म्हटलं होतं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. आता वाटतं, नसतं म्हटलं तर बरं झालं असतं.

आणि मी स्वतः? लग्न होऊन इकडे आले तेव्हा पंगतीत म्हणाले, "मले भाजी नको." अख्खी पंगत हसली. 'मले' हा शब्द त्या दिवशी गिळला तो गिळलाच, तीस वर्षं. कपाटाच्या दारामागून तो पंधरा वेळा ऐकला. मले, तुले, काऊन. मी ओट्यापाशी डोळे पुसत उभी होते, म्हणून तर कुकर विसरले.

कुणाला वाटेल हे पोरांचं आजचं फॅड. आमचे आबा खंजिरी वाजवायचे. मोझरी आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला रोज जाणारा माणूस. भाचा गाण्यातल्या मात्रा मोजायला शिकला तो आबांच्या मांडीवर. पण शेजाऱ्यांना खंजिरी म्हटलं की हात जोडावेसे वाटतात आणि रॅप म्हटलं की शिव्या आठवतात. २०१९ मध्ये तो रणवीरचा रॅपरवरचा सिनेमा, 'गल्ली बॉय', आला तेव्हा हीच मंडळी मल्टिप्लेक्समध्ये टाळ्या पिटत होती. त्याच्या पाच वर्षं आधी कुर्ल्याच्या नेझी नावाच्या रॅपरने आयपॅडवर गाणं करून व्हिडिओही त्याच्यावरच शूट केला होता, तेव्हा कुणाच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव निघालं होतं?

एक्सपोजर म्हणे. भाच्यानेच मला एकदा सांगितलं होतं, हे हिप-हॉप सुरू झालं ती पहिली पार्टी म्हणजे ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, एका बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये. म्हणजे आपल्या सोसायटीच्या हॉलसारखंच म्हणा की. डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावून तिच्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवायचा, पोरं त्यावर नाचायची. (म्हणून कुकरची शिट्टीही चालते, असं त्याचं म्हणणं.) पार्टी ठेवली होती हर्कच्या बहिणीने, सिंडीने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून. आणि ऐका, त्या पार्टीला तिकीट होतं! मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. घरच्याच पोराची पार्टी, राहत्याच बिल्डिंगमध्ये, तरी तिकीट. मीटिंगमध्ये नेमकं हे आठवलं नाही. जिना चढताना आठवलं.

यंदा वर्गणी कमी जमलीय, मान्य. पण मग जादूगारालाही सांगा की बाबा, एक्सपोजर घे.

सगळ्यात जास्त राग कुणाचा आला सांगू? भाच्याचाच. घरी येऊन फोन केला तर म्हणतो, "म्हणतो ना मी फुकट, काऊन डोक्याले ताप करून घेतं?" अरे गाढवा. एक गाणं म्हणजे तुझे पाच रविवार. त्या पाच रविवारी तू झोपला नाहीस, गावाला गेला नाहीस, आईशी धड बोलला नाहीस.

सेक्रेटरींना मेसेज टाकलाय. दोन गाणी, पाच हजार, निम्मे आधी. निळ्या टिका आल्यात. 'टायपिंग' दिसलं आणि गेलं. पुन्हा दिसलं.

"बघू" एवढंच आलंय.

बघा. मी रविवारच्या तयारीला लागते. साड्या काढायच्यात, गोधड्यांना ऊन दाखवायचंय, आणि खालच्या वहिनींना सांगून ठेवायचंय की अकरा ते एक मिक्सर लावू नका.