‘स्क्रू आवळा, ॲव्हरेज वाढवा’ म्हणे!

सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं ॲव्हरेज घरबसल्या 15 ते 20 किलोमीटरने वाढवा.’ कार्बोरेटर म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग. खाली चार उपाय. गाडी कुठलीही असो, कार्बोरेटरच्या बाजूचा छोटा स्क्रू पूर्ण आवळून फक्त अर्धा आटा सोडा, म्हणजे पेट्रोल कमी जाईल. ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होऊन पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत बसवा. प्लग पांढरा पडला की सेटिंग जमली समजा. आणि जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड, बारीक तारेने टोकरून घ्या. मला तो दोनदा आला. दुसऱ्या वेळी पाठवणारा माझा मावसभाऊ होता, आणि त्याचा स्क्रू आवळूनही झाला होता.

‘गाडी कुठलीही असो’ इथेच गाडं घसरतं. हा छोटा स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी बघायचं. एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो. आवळला की हवा कमी, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. यामाहा आरएक्स 100 आणि जुन्या बुलेटवरचे मिकुनी व्हीएम धाटणीचे कार्बोरेटर असे आहेत. स्क्रू इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलमिश्रित हवा मोजतो आणि सगळं उलट होतं. मावसभावाची बुलेट पहिल्या जातीची. पेट्रोल वाचवायला निघाला आणि सिग्नलला भकभक करणारी, सायलेन्सरच्या तोंडाला काजळी धरणारी गाडी घेऊन माझ्या दारात आला.

शिवाय या स्क्रूची सत्ता तरी किती? ॲक्सिलरेटर बंद असल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत. पुढे पाऊण उघडेपर्यंत सुईचं राज्य, त्यानंतर मेन जेटचं. हायवेला त्यापुढे ॲक्सिलरेटर उघडून जाताना तो स्क्रू फारसं काही बोलत नाही, म्हणून त्याच्या जोरावर 20 किलोमीटर वाढणं शक्यच नाही.

सुईचा उपाय मात्र खरंच पेट्रोल कमी करतो, आणि म्हणून तो जास्त धोक्याचा. क्लिप वरच्या खाचेत गेली की सुई खाली बसते, पेट्रोल येणाऱ्या नळीचं तोंड अरुंद होतं, गाडी लीन चालते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. लीन म्हणजे गरम. हे मी स्वतःच्या आरएक्सवर शिकलो. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, आदल्या रात्री क्लिप एकदम वर सरकवली होती. खंबाटकीचा चढ, अर्धा ॲक्सिलरेटर, उन्हाची वेळ. आधी पिकअप मेल्यासारखा वाटला, मग किर्र असा आवाज आला आणि मागचं चाक जागीच धरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडे, नखाला लागतील एवढे. गाडीची चूक नव्हती, हात माझेच शिवशिवले होते. वाचलेलं सगळं पेट्रोल जमेला धरलं तरी बोअर-पिस्टनच्या खर्चापुढे ते चहापाण्याएवढंसुद्धा नव्हतं.

‘प्लग पांढरा म्हणजे सेटिंग परफेक्ट’ हेही त्याच रस्त्यावरचं. पांढराशुभ्र, कोरडा प्लग म्हणजे इंजिन तापतंय अशी तक्रार. हवी ती बिस्किटाची, फिकट तपकिरी छटा. यात आता एक नवी भानगड आहे, जी मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही: पंपावर मिळणारं ई20 पेट्रोल. एक भाग निव्वळ पेट्रोल पूर्ण जाळायला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. 20 टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो, कारण इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊनच येतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे सांभाळून घेतो. कार्बोरेटरला सेन्सर कुठला? जेट तोच, भोक तेच, म्हणजे तुमची जुनी गाडी आपण काहीही न करता आधीच थोडी लीन झालेली असते. यातलं काही इथेनॉल आपल्याच कारखान्यांच्या उसातून येतं याचा आनंद जरूर माना, पण सुई त्यावर आणखी खाली उतरवू नका. क्लिप हलवायचीच असेल तर एक खाच खाली, म्हणजे सुई वर येईल, आणि मग प्लग बघा.

जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं आणि भोक मिलिमीटरच्या हिशेबाचं. एकदा रुंदावलं की नवा जेट. क्लीनर स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवा पुरते.

मावसभावाच्या गाडीचं मग असं केलं. दहा मिनिटं फिरवून गरम केली. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत (करकचून आवळला तर त्याचं टोक आणि बैठक दोन्ही जातात), मग दीड आटा बाहेर. स्लो स्पीड (ॲक्सिलरेटर न पिळता इंजिन फिरतं तो वेग) जरा वाढवून ठेवला आणि छोटा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत कान लावला. जिथे इंजिन सगळ्यात जोरात आणि सुरळीत फिरलं तिथे थांबलो, स्लो स्पीड परत खाली आणला. काजळी गेली, सिग्नलला गाडी शांत उभी राहू लागली.

आठवड्याने त्याचा फोन आला. ‘‘दादा, ॲव्हरेज मात्र मेसेजच्या आधी होतं तेवढंच आहे रे.’’

‘‘मागच्या टायरमध्ये हवा किती?’’

पंपावर जाऊन त्याने पुन्हा फोन केला. फक्त 18 पीएसआय होती.