अस्वलाच्या आईची रजा

मुलांचे शिक्षण घरातूनच सुरू होते हे विधान मला पूर्णपणे मान्य आहे. फक्त ते करणाऱ्यांच्या घरचे मूल त्या वेळी झोपलेले असावे, असा माझा दाट संशय आहे. तीन-चार वर्षांच्या मुलांना घरी कसे शिकवावे यावरचा कोणताही लेख उघडला, तरी त्यात एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगितलेली असते : वेगळा तास नको, तक्ते आणि वह्या नकोत, रोजच्या कामांत मुलांना सोबत घ्या, त्यांच्याशी बोलत राहा, शिकणे आपोआप होते. सल्ला बरोबर आहे. त्या कामाचे पुढे काय होते, एवढेच सांगायचे राहून गेलेले असते.

वाळलेल्या कपड्यांचेच घ्या. घड्या घालताना मोज्यांच्या जोड्या मुलांकडून लावून घ्याव्यात, म्हणजे रंग आणि आकार यांची जाण येते, वर्गीकरणाची सवय लागते आणि तीच पुढे गणिताच्या कामी येते, असे मी वाचले होते. त्यानुसार आमच्या चार वर्षांच्या कन्येसमोर मी मोज्यांचा ढीग ओतला आणि "सारखे असतील ते एकत्र ठेव," असे सांगितले. तिने अत्यंत गांभीर्याने दोन ढीग केले. एकाच जोडीतला डावा मोजा इकडे आणि उजवा तिकडे पडलेला पाहून मला त्या विभागणीचे तत्त्व काही उमगेना. शेवटी विचारले, तेव्हा हे दमलेले मोजे आहेत आणि हे न दमलेले, असा खुलासा झाला. मी एकेक मोजा ताणून पाहिला. इलास्टिक सैल झालेला प्रत्येक मोजा दमलेल्यांत होता. माझे तर झाडून सगळे तिथेच होते. शास्त्राच्या दृष्टीने हे वर्गीकरण निर्दोष होते, परंतु ढीग मोडायचे नाहीत असा हुकूम निघाल्यामुळे दुसऱ्या दिवशी मी एका पायात निळा आणि दुसऱ्यात करडा मोजा घालून कामावर गेलो.

मोजणीला याहून अधिक वेळ लागतो. माझ्या शर्टाची बटणे लावता लावता ती मोजायची, असा आमचा सकाळचा पाठ आहे. प्रत्येक बटणावर बोट ठेवून ती एकापासून सातापर्यंत बिनचूक पोहोचते. मग मी विचारतो, "तर एकूण बटणे किती?" यावर ती माझ्याकडे कीव आल्यासारखी पाहते आणि पुन्हा एकापासून सुरुवात करते. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीमागची जी तत्त्वे मांडली, त्यांत शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे एक वेगळे तत्त्व आहे. अंक तोंडपाठ असले तरी ते उमजायला वेळ द्यावा लागतो आणि घाई करून उपयोग नसतो. माझी तक्रार एवढीच, की हा वेळ रोज माझ्या हजेरीतून कापला जातो.

पाण्याच्या प्रयोगाची हौस मात्र सर्वस्वी माझी. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञांचा हा प्रयोग प्रसिद्ध आहे : दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्यायचे, ते सारखे असल्याची मुलाकडून कबुली घ्यायची, मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचे आणि आता कशात जास्त आहे ते विचारायचे. साधारण सहा-सात वर्षांखालची मुले उंच पेल्याकडे बोट दाखवतात. कन्येनेही दाखवले आणि मी धन्य झालो. त्या दिवसापासून तिला पाणी उंच पेल्यातच लागते, कारण त्यात जास्त मिळते; औषध मात्र पसरट वाटीत, कारण त्यात कमी असते. पियाजे यांनी स्वतःच्या तिन्ही मुलांची बारीकसारीक निरीक्षणे लिहून ठेवली आहेत. प्रयोगानंतर फरशी कोणी पुसली, याची नोंद माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

कौतुकाबद्दल थोडक्यात सांगतो. मुलांच्या हुशारीपेक्षा त्यांच्या प्रयत्नांची वाखाणणी करावी, या सल्ल्याला आधार आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीबद्दल शाबासकी मिळालेली शाळकरी मुले अपयश येताच लवकर खचली होती. म्हणून आमच्या घरात "हुशार" हा शब्द वर्ज्य आहे. परवा मी कपाट सरकवायला गेलो, घामाघूम झालो आणि कपाट तसूभरही हलले नाही, तेव्हा दारातून आवाज आला, "बाबा, तू छान प्रयत्न केलास हं."

खरी कसोटी रात्री लागते. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की पुस्तक नुसते वाचून न दाखवता पालकांनी मध्ये थांबून मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात भर घातली, तर महिनाभरातच मुलांच्या बोलण्यात फरक पडतो. मी थांबलो आणि विचारले, "आता पुढे काय होईल बरे?" ती म्हणाली, "कालच वाचलं ना आपण? विसरलास?" मग प्रश्न विचारण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले. "या अस्वलाच्या पिल्लाची आई कुठे आहे?" पुस्तकात आई नाहीच. मला झोप आली होती, म्हणून ती ऑफिसला गेली आहे, असे मी सांगून टाकले.

तेव्हापासून चित्रात कुठेही नसलेल्या या बाईंचे चरित्र मी रोज रात्री रचत आहे. त्यांना एक कडक साहेब आहे, शेजारच्या टेबलावर कामचुकार ससा बसतो, आणि मध्यंतरी त्यांची बदली होता होता टळली. तपशिलात जरा फरक पडला की सुनावणी होते. एका रात्री पुस्तक वाचायची पाळी हिची होती आणि हिने बेसावधपणे अस्वलीणबाईंना शिक्षिका करून टाकले. लगेच मला झोपेतून उठवून खुलासा मागवण्यात आला आणि नोकरी बदलल्याचे कारण जागच्या जागी शोधावे लागले. संशोधनाप्रमाणे शब्दसंग्रह वाढला आहे, यात शंका नाही : बदली, साहेब, कामचुकार हे शब्द ती आता पाहुण्यांसमोर अचूक वापरते, त्यांतला शेवटचा बहुधा माझ्या संदर्भात.

काल तिने विचारले, की अस्वलाच्या आईला एकदाही रजा का मिळत नाही. रजा मंजूर करावी तर आई घरी येणार, आणि घरी आली तर पुढच्या पानावर पिल्लू एकटे का फिरते, तेही सांगावे लागणार. उत्तर आज रात्री नऊ वाजेपर्यंत द्यायचे आहे.